ॲडमिशनपुरतं चर्च

ठाण्यात चर्च म्हटलं की लोकांना आधी शाळा आठवते. मग नाताळचे दिवे, मग केक, आणि येशू बहुधा त्याच्याही नंतर. मी जन्माने ख्रिस्ती, मराठी, इथल्याच गावठाणातली, त्यामुळे हा क्रम मला नवा नाही. शाळांचे फॉर्म निघायचे दिवस आले की एरवी लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी मंडळी माझी विचारपूस करू लागतात. "ताई, तुमची फादरांशी ओळख असेलच ना?" नातू अडीच वर्षांचा आहे, फॉर्म भरलाय, फक्त एक शब्द टाकायचाय. फादर मला वेदीवरून दिसतात आणि त्यांना माझं नावही धड आठवत नाही, असं मी खरं सांगते. कुणाचा विश्वास बसत नाही. चर्च म्हणजे एक मोठं कुटुंब आणि फादर म्हणजे माझे मामा, असाच सगळ्यांचा समज आहे.

या आपुलकीत खोट नाही. ज्या काकांनी मागच्या वर्षी मला गळ घातली, त्यांनीच माझ्या वडिलांना मध्यरात्री आपल्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं होतं. तरी वर्षानुवर्षं हे ऐकताना एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. आपल्या समाजाने चर्चला जी जागा दिली आहे, ती चांगल्या भाडेकरूची आहे. वेळेवर भाडं देतो, आवाज करत नाही, अडीअडचणीला उपयोगी पडतो, म्हणून राहू दे. शाळा, दवाखाने, शिस्त, इंग्रजी हे आमचं भाडं. ते आम्ही चोख भरतो आणि मग कुणी आमच्या श्रद्धेबद्दल काही विचारत नाही. आम्हीही सांगत नाही. दोन्हीकडे हा व्यवहार इतका अंगवळणी पडलाय की त्यालाच आपण सलोखा म्हणतो.

जुनं ठाणं मात्र या व्यवहाराच्या कितीतरी आधीचं आहे. तलावपाळीच्या एका अंगाला कौपिनेश्वर, दुसऱ्या अंगाला सेंट जॉन बॅप्टिस्टचं पोर्तुगीज अमदानीतलं चर्च, मधे बोटी, भेळ आणि संध्याकाळची गर्दी. टेंभी नाक्याकडे निघालं की बेने इस्रायली ज्यूंचं 1879 सालचं सिनेगॉग, पारशांची अग्यारी, आणि जवळच सेंट जेम्स, ज्याची प्रतिष्ठापना 1825 साली बिशप हेबर यांनी केली. नवरात्रात याच टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला पाय ठेवायला जागा नसते. बाहेरचे पाहुणे हे सगळं पाहून भारावतात आणि सर्वधर्मसमभावावर बोलू लागतात. मला वाटतं, यातलं निम्मं श्रेय जागेच्या टंचाईला द्यायला हवं. गाव लहान, तळं मोठं, मग देवांनीही एकमेकांना खेटून बसायचं. शेजार आधी झाला, तत्त्वज्ञान मागाहून आलं.

ठाण्यातल्या ख्रिस्ती माणसाची सर्वांत जुनी तपशीलवार गोष्ट 1321 सालची आहे आणि ती एका घरातल्या भांडणापासून सुरू होते. चार फ्रान्सिस्कन संन्यासी समुद्रमार्गे ठाण्यात उतरले होते: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ओडोरिक नावाचा संन्यासी त्यानंतर काही वर्षांत इथून गेला. त्याने लिहून ठेवलंय की ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती. त्यातल्या एका घरात हे चौघे उतरले. यजमानाचं आणि त्याच्या बायकोचं वाजलं, त्याने तिला मारलं, ती तडक काझीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीदार कोण, तर घरी आलेले हे परदेशी पाहुणे. त्यांना बोलावलं गेलं, विषय मारहाणीवरून धर्मावर घसरला, प्रश्नांवर प्रश्न झाले आणि शेवटी त्या चौघांना मारण्यात आलं. त्यांचा सोबती जॉर्डनस याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. ज्या मलिकाच्या, म्हणजे इथल्या अंमलदाराच्या कारकिर्दीत हे घडलं, त्याला दिल्लीच्या बादशहाने देहदंड दिला, असंही तो सांगतो.

ही गोष्ट आमच्याकडे हुतात्म्यांची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण ज्याला जे हवं ते तो त्यातून काढतो. कुणाला त्यात मुसलमानांचं क्रौर्य दिसतं, तर कुणाला पाद्र्यांचा आगाऊपणा. माझं लक्ष त्या पंधरा घरांवर जातं. पोर्तुगिजांच्या दोनशे वर्षं आधी, ना किल्ला, ना तोफ, ना शाळा, अशी पंधरा घरं इथे नांदत होती. त्यातली मार खाल्लेली बाई न्याय मागायला निघते, तर दुसऱ्या धर्माच्या काझीकडे जायला तिला काही अडचण वाटत नाही. तिचं पुढे काय झालं, ते लिहावं असं ओडोरिकला वाटलं नाही. संन्याशांची अस्थी न् अस्थी मोजली गेली आणि जिच्या फिर्यादीपासून सगळं सुरू झालं ती बाई हरवली.

मग 1534 साली वसई-साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि चर्चच्या हातात सत्ता आली. या काळाबद्दल आम्ही ख्रिस्ती लोक जरा घाईने बोलतो आणि विषय बदलतो. देवळं पाडली गेली, धर्मांतराला सत्तेचा टेकू होता, हे इतिहासात आहे आणि ते नाकारून काही साधत नाही. धाकाने, लोभाने आणि मनापासून, अशा तिन्ही तऱ्हांनी लोक ख्रिस्ती झाले. माझ्या घरातला पहिला ख्रिस्ती यातल्या कुठल्या रांगेत होता, हे विचारायला तो आता नाही. चारशे वर्षांनंतर त्याचा जाब मला विचारणारे अधूनमधून भेटतात, बहुतेक फोनवर फिरत आलेला एखादा मजकूर वाचून. मी म्हणते, विचारा, पण माझ्याकडे उत्तर आहे ते आजच्या श्रद्धेचं. ती मला कुणी लादलेली नाही.

1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईकडची 1721 सालची एक घंटा आज नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. सत्ता गेली, गोरे पाद्रीही गेले. पण चर्च राहिलं. इथल्याच गावांतल्या, इथलीच बोली बोलणाऱ्या धर्मगुरूंनी ते पुढे चालवलं. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत सदतीस वर्षं गेली. मला आमच्या इतिहासातला हा तुकडा सगळ्यांत जास्त आवडतो आणि प्रवचनात तो सगळ्यांत कमी येतो. या काळात चर्चकडे ना सरकार होतं, ना कॉन्व्हेंट शाळा. कुणाला त्याचा काही उपयोग नव्हता. तरीही शेतं कसली जात होती, लग्नात उंबराचं पाणी आणलं जात होतं, पोरांचे बाप्तिस्मे होत होते. कौपिनेश्वराचं आजचं देऊळही साधारण त्याच काळातलं, 1760 च्या सुमाराला सरसुभेदार बिवलकरांनी बांधवलेलं. तळ्याच्या दोन बाजूंना दोन्ही कारभार चालू होते.

भाडेकरूचा करार इंग्रजांच्या राज्यात झाला असावा. शाळा निघाल्या, नोकऱ्या मिळाल्या, आणि 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून आमच्या लोकांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतलं. गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्त्यांपेक्षा आम्ही वेगळे, इथलेच आणि कंपनी सरकारचे जुने सेवक, हे त्यातून सांगायचं होतं. नोकरीच्या रांगेत पुढे उभं राहण्याची ही युक्ती तेव्हा कामाला आली. तिच्यापायी पुढच्या पिढ्यांना मात्र कॉलेजात, ऑफिसात समजावत बसावं लागलं की आम्ही पूर्वेकडचे नाही, ठाण्याचेच आहोत.

प्रजासत्ताक आलं तेव्हा हा करार बदलायची संधी होती, आणि कागदावर तो बदललाही. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते, अल्पसंख्याकांच्या उपसमितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. फादर जेरोम डिसूझा हे जेझुइट धर्मगुरू सभेत बसत होते. विधिमंडळात धर्माच्या नावावर राखीव जागा नकोत, आम्ही शेजाऱ्यांवर भरवसा ठेवतो, अशी भूमिका ख्रिस्ती प्रतिनिधींनी घेतली. फाळणीचं रक्त वाळलं नव्हतं, अशा वेळी हे बोलायला छाती लागते. त्याच सभेने पंचविसाव्या कलमात धर्म पाळण्याबरोबर तो प्रसारित करण्याचाही हक्क घातला. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा सांगितली: प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे.

या विषयावर माझं मत दोन्हीकडच्यांना आवडत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचा देव बदलू पाहणाऱ्यांची मला चीड येते, मग ते माझ्याच धर्माचे का असेनात. पण एखाद्या प्रौढ बाईला विचार करून दुसऱ्या देवाकडे जावंसं वाटलं, तर तिला कलेक्टरची परवानगी का लागावी, हेही मला कळत नाही. माझी एक सहकारी नगर जिल्ह्यातल्या दलित ख्रिस्ती घरातली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती वगळले गेले. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना ती दारं उघडली, ख्रिस्त्यांना नाही. सरकारचं म्हणणं, ख्रिस्ती धर्मात जात नसते. ती हसून म्हणते, "सरकारला सांगा, एकदा आमच्या गावी येऊन चर्चमधले बाक बघा. कोण कुठे बसतं ते बघितलं की कळेल." तिचा हा टोला सरकारला जितका आहे तितकाच आम्हाला.

2011 च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती 2.3 टक्के होते आणि महाराष्ट्रात शंभरात पुरता एकही नव्हता. एवढ्या लहान माणसाला उपयोगी पडून जागा मिळवायचा मोह होणारच. पण त्याची किंमत चर्चने स्वतःच्या अंगावर काढली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1962 ते 65 नंतर, लॅटिन सोडून लोकभाषेत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करायची मुभा जगभर मिळाली. मराठी मिस्सा तेव्हापासूनच्या. पण आज मराठी मिस्साला गेलं तर पुढच्या बाकांवर पिकलेली डोकी असतात. केसात अबोलीचा गजरा माळलेल्या, गायनाच्या वहीची पानं सुटी झालेल्या दोन-तीन म्हाताऱ्या सूर लावतात आणि पेटीवाला त्यांच्या मागे धावतो. त्यानंतरच्या इंग्रजी मिस्साला मात्र गाड्या लावायला जागा मिळत नाही. आमच्या स्वतःच्या मुलांना मराठीत 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' ही प्रार्थना येत नाही. शाळेतून इंग्रजी वाटता वाटता घरातली भाषा आम्ही कधी वाटून टाकली, ते कळलंच नाही.

नवी मुंबईत चित्र निराळं आहे. मी वाशीला नोकरी करते. तिथे सिडकोच्या आखीव सेक्टरांत मल्याळी, तमिळ, कोकणी, इंग्रजी अशा सगळ्या भाषांतल्या उपासना ऐकायला मिळतात. केरळच्या सीरो-मलबार ख्रिस्त्यांसाठी 1988 पासून कल्याणची वेगळी धर्मप्रांत-व्यवस्थाच आहे. प्रत्येकाने आपलं गाव बरोबर आणलंय आणि रविवारपुरतं ते उघडून बसतात. ते छानच आहे, पण तिथल्या गावठाणातल्या आगरी-कोळी माणसाला आवारात काय चालतं याचा पत्ता नसतो, आणि आतल्यांनाही त्याची फिकीर नसते.

चर्चने कुंपणाबाहेर येऊन काय करावं, याचा एक नमुना आपल्या शेजारीच होऊन गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे, तिथल्या हिरव्या पट्ट्यासाठी हरित वसई संरक्षण समितीतून उभे राहिले. विहिरी आणि वाड्या वाचवायला ते बोलत होते, तेव्हा त्यांच्याबरोबर हिंदू होते, मुसलमान होते, आणि समोर बिल्डर आणि गुंड होते. त्या लढ्यात कुणाचं ॲडमिशन होणार नव्हतं. हेच फादर 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एका पाद्र्याला हा मान कसा, म्हणून विरोध झाला. संमेलन पार पडलंच. पण तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलेलं एक वाक्य अजून कानात आहे: "माणूस चांगला असेल हो, पण पाद्र्यांनी शाळा चालवाव्यात."

हेच वाक्य मी पुन्हा ऐकलं ते स्टॅन स्वामींच्या वेळी. झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेला हा जेझुइट धर्मगुरू एल्गार परिषद प्रकरणात अटक होऊन तळोज्याच्या तुरुंगात आला. म्हणजे आमच्या ऑफिसपासून फार दूर नाही. पार्किन्सन्समुळे हातात पेला धरवत नव्हता, म्हणून त्यांना स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला, वयाच्या 84 व्या वर्षी, जामिनाची सुनावणी चालू असतानाच ते गेले. आरोप खरे की खोटे, हे ठरवणारा खटला उभाच राहिला नाही. त्यांच्याबद्दल चर्चच्या आवारातही कुजबूज चालायची: कशाला पडायचं या भानगडीत, उद्या शाळांवर आलं तर? कँटीन आणि चर्चचं आवार, दोन्हीकडे काळजी एकच होती.

नाताळच्या रात्री मला हे सगळं विसरायला होतं, हेही सांगायला हवं. आमच्या चर्चच्या आवारात गव्हाणीपुढे रात्री उशिरापर्यंत रांग असते आणि रांगेत ख्रिस्ती थोडेच. गेल्या नाताळात मी स्वयंसेवक म्हणून उभी होते. नऊवारीतल्या एका आजींनी चपला रांगेच्या बाहेर काढल्या, गवतावरच्या बाळाला दोन्ही हात जोडले, दहाची नोट ठेवली आणि मला विचारलं, "प्रसाद कुठे मिळतो गं?" आमच्याकडे तसा प्रसाद नसतो. माझ्या पिशवीत घरच्या फुग्या, म्हणजे तळलेले छोटे गोल पाव होते, त्यातली एक दिली. त्यांनी ती कपाळाला लावून पदरात बांधली आणि "अंडं नाही ना?" असं विचारलं. अंडं होतं. मी तसं सांगितलं. "मग नातवाला देते," म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. फादरांच्या ओळखीचा विषय काढला नाही की शाळेचा फॉर्म दाखवला नाही. बाळ जन्मलं म्हणून बघायला आल्या होत्या. धर्मनिरपेक्षतेवर मी जेवढं काही वाचलंय, त्यात या आजी कुठे बसवायच्या ते मला अजून जमलेलं नाही. युरोपात राजा आणि चर्च यांचं शतकानुशतकं भांडण झालं, म्हणून तिथे दोघांना वेगळं करावं लागलं. इथे आजींना कुणी काही वेगळं करायला सांगितलं तर त्या चपला घालून निघून जातील.

पण सगळे दिवस नाताळचे नसतात. आमच्या भागात टॉवर वाढले तशी ख्रिस्ती कुटुंबंही वाढली आणि जुन्या दफनभूमीत जागा पुरेनाशी झाली. एक कबर काही काळाने उघडून दुसऱ्यासाठी वापरायची, जुन्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या, हे आता मुंबई-ठाण्यात सर्रास आहे. माझी आई अशाच एका कोनाड्यात आहे. नव्या दफनभूमीसाठी जागा मिळावी म्हणून आमचे लोक अर्ज करत असतात. मध्यंतरी आमच्या सोसायटीजवळच्या एका मोकळ्या जमिनीची नुसती चर्चा सुरू झाली. त्या आठवड्यात सेक्रेटरी एक कागद घेऊन दारोदार फिरत होते. विषय: नियोजित दफनभूमीस रहिवाशांची हरकत. कारणं, लहान मुलांच्या मनावर परिणाम, पाणी दूषित होण्याची भीती, आणि तिसरं कागदावर नव्हतं पण जिन्यात सगळे बोलत होते, फ्लॅटचे भाव.

ते माझ्याही दारात आले. सवयीने बेल वाजवली असावी, कारण दार उघडताच क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "ताई, तुमच्याविरुद्ध काही नाही हां. तुम्ही तर आपल्याच." मी कागद वाचला. चाळीसच्या वर सह्या झाल्या होत्या, वडिलांना मध्यरात्री गाडीतून नेणाऱ्या काकांचीसुद्धा. मी विचारलं, "मग मी गेल्यावर मला कुठे न्यायचं, ते पण लिहा की यात." ते हसले. त्यांना ती गंमत वाटली. "अहो, तुमच्यासाठी करू काहीतरी, एवढ्या ओळखी आहेत आपल्या!"

मी म्हटलं, दफनभूमीला ओळख लागू नये म्हणूनच तर महानगरपालिका असते. त्यावर त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मला पाण्याच्या पातळीचं शास्त्र समजावलं आणि मी त्यांना, इथून फार लांब नसलेल्या, कुणाला कधीही आडव्या न आलेल्या जुन्या कबरींचं. वीस मिनिटं तरी झाली असतील. चहा मी टाकला होताच, तोही झाला. जाताना कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "विचार करा. आणि ते नातवाचं मात्र तेवढं फादरांच्या कानावर घाला."

त्या हरकतीविरुद्ध मी स्वतंत्र पत्र दिलं. बाराव्या मजल्यावरच्या एका जोशी कुटुंबाने आणि तळमजल्याच्या वॉचमनच्या शेजारी राहणाऱ्या एका मुसलमान मास्तरांनी त्यावर सही केली. काकांनाही विचारलं. ते म्हणाले, एकदा केलेली सही मागे घेता येते का ते आधी बघून सांगतो.